मांजर आजारी पडलं की घरात काय करायचं

मांजर आजारी आहे हे घरच्यांच्या लक्षात येतं तेव्हा ते बहुधा दोन-तीन दिवस आधीपासूनच आजारी असतं. कुत्रं कण्हतं, पायाशी येऊन पडतं. मांजर कपाटामागे जाऊन बसतं. हाक मारली तर येत नाही, आलंच तर वाटी हुंगून माघारी जातं, आणि आपण म्हणतो, "नखरे चाललेत आज." म्हणून आपल्या मांजराचं रोजचं वागणं नेमकं माहीत असलेलं बरं: किती खातं, शी-लघवीच्या वाळूच्या ट्रेमध्ये दिवसाला लघवीचे किती गोळे निघतात, कुठे झोपतं, अंग कधी चाटतं. यातलं काहीही बदललं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर तो नखरा नव्हे.

डॉक्टर तपासतात, इंजेक्शन देतात, गोळ्या लिहून देतात. दवाखान्यातली ती वीस मिनिटं सोडली तर बाकी सगळं दुखणं मांजर आपल्या घरात काढतं. तिथल्या देखभालीत माझ्या मते पहिला नंबर जेवणाचा, औषधाचा त्यानंतर. गोळीची एखादी वेळ चुकली तर निभावतं. पोट तीन दिवस रिकामं राहिलं तर मूळ आजार राहतो बाजूला आणि दुसराच, त्याहून वाईट आजार सुरू होऊ शकतो. ते पुढे सविस्तर येईल. आधी, घरी मुळीच थांबायचं नाही अशा वेळा कोणत्या ते पाहू.

सगळं सोडून निघायचं ते कधी

बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, लघवीची जागा चाटत राहतो, आणि ट्रे कोरडाच. घरच्यांना वाटतं शी अडकली. मग एरंडेल, नाहीतर चमचाभर तूप. पण बहुतेकदा अडकलेली असते लघवी. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खड्यांची वाळू किंवा चिकट बुळबुळीत पदार्थ त्यात बुचासारखा बसतो. रक्तात पोटॅशियम चढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सकाळची वाट पाहायची नाही.

तसंच या बाबतीत:

- तोंड उघडून धापा टाकणं, किंवा शांत झोपेतही मिनिटाला चाळिसाच्या वर श्वास.
- हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर किंवा पिवळ्या दिसणं.
- मागचे पाय एकाएकी लुळे आणि गार पडणं, सोबत जिवाच्या आकांताने ओरडणं.
- लस न झालेल्या पिल्लाला उलट्या, जुलाब आणि मलूलपणा एकत्र. हा पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो असू शकतो आणि तो तासातासाला बिघडतो.
- झटके, शुद्ध हरपणं, गॅलरीतून पडणं, विषारी काही पोटात गेल्याचा संशय.
- दोरा गिळणं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबत असेल तर ते ओढायचं नाही. आत आतडं कापलं जातं. संक्रांतीच्या आसपास गच्चीवरच्या मांज्यामुळे हा धोका वाढतो.

याखेरीज मोठ्या मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही, किंवा पिल्लाने अर्धा दिवस, तर डॉक्टरांना फोन करायचा. ताप असो वा नसो.

कुठे न्यायचं हा प्रश्न शहराबाहेर अवघड होतो. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८४ पासून आहे. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि तिथे जनावरं तपासली जातात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, पण सलाईन, ताप, प्रतिजैविक एवढं तिथेही होतं. मांजराचं वजन आणि आधी दिलेली औषधं त्यांना आपण होऊन सांगायची. १९६२ या क्रमांकावर सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

दवाखान्यातून निघण्याआधी

तिथे आपणही घाबरलेले असतो, ऐकलेलं निम्मं रिक्षात विसरतं. म्हणून फोनमध्ये लिहूनच घ्यायचं: आजचं वजन ग्रॅममध्ये, प्रत्येक औषध कशासाठी, जेवणाआधी की नंतर, गोळी कुटून चालेल का, औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायचं का, आणि कितव्या दिवसापर्यंत फरक दिसला नाही तर परत आणायचं. आणखी दोन गोष्टी मुद्दाम विचाराव्यात, कारण गर्दीच्या दवाखान्यात त्या राहून जातात. मळमळ थांबवायचं औषध दिलंय का? वेदनेचं दिलंय का? मळमळणारं किंवा दुखणारं मांजर जेवत नाही, मग पुढचं सगळंच अडतं.

आजाऱ्याची जागा

घरभर फिरू द्यायचं नाही. एक छोटी खोली, ती नसेल तर कोरडी न्हाणी किंवा पलंगाशेजारचा कोपरा. कारण साधं आहे: मांजर सोफ्याखाली शिरलं की त्याने खाल्लं किती, लघवी केली की नाही, काहीच कळत नाही, आणि औषधाच्या दर वेळेला शोधमोहीम निघते. पण लपायला जागा हवीच, नाहीतर ते ताणाखाली राहतं. पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून पुढची बाजू अर्धी कापली, आत जुनी गोधडी घातली की झालं. आपल्या अंगाचा वास असलेला जुना टीशर्ट त्यात ठेवला तर अधिक चांगलं.

अशक्त मांजराचं अंग लवकर गार पडतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे नको झालं की त्याला सरकता येतं. पावसाळ्यात फरशीला ओल येते, तेव्हा खोक्याखाली पाट किंवा जाड पुठ्ठा घालावा. ट्रे कमी काठाचा हवा. उंच काठ ओलांडायचं त्राण नसतं. आणि ट्रे जेवणाच्या वाटीला खेटून नको. आपणही संडासाशेजारी पान मांडून बसत नाही.

घरात दुसरी मांजरं असतील तर वाट्या, ट्रे, फडकी वेगळी, आणि आधी धडधाकट मांजरांचं करून मग आजाऱ्याकडे जायचं. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. त्यासाठी ब्लीच: एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली, फरशी आधी धुऊन मग हे दहा मिनिटं ठेवून पुसायचं, सुकल्यावरच मांजर आत सोडायचं. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नये. फिनाईल आणि डेटॉल मांजराच्या खोलीत नकोच. त्यातली फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि पायाला लागलेलं ते चाटून पोटात घेतं.

वही

एक वही करायची, किंवा फ्रिजवर कागद. रोज त्याच वेळेला वजन, खाल्लेलं, प्यायलेलं, लघवी, शी, उलटी, श्वास. वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि वर टोपली चालते, किंवा बाळांचा काटा. आपण मांजर घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहायचं हा प्रकार इथे कुचकामी, कारण आपल्याला शंभर ग्रॅमचा फरक बघायचाय. चार किलोच्या मांजराचे शंभर ग्रॅम म्हणजे अडीच टक्के. डोळ्यांना तो फरक दिसत नाही.

श्वास झोपेत मोजायचे. छाती वर-खाली एकदा म्हणजे एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. तिसाच्या आत असेल तर ठीक. सलग काही वेळा तिसाच्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवा. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तंबूसारखी उभी राहिली तर शरीरात पाणी कमी झालंय, मात्र म्हाताऱ्या किंवा रोडावलेल्या मांजराची कातडी एरवीही सैल असते, तेव्हा एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा वर आलेला दिसला तर ती तिसरी पापणी. ती बाहेर दिसते म्हणजे मांजराला बरं नाही.

नाक कोरडं म्हणजे ताप, हा समज सोडून द्यावा. ताप थर्मामीटरनेच कळतो आणि तो गुदद्वारातच लावावा लागतो. मांजरासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलिन, एकाने मांजर काखेत धरायचं, दुसऱ्याने शेपटी उचलून जेमतेम दोन सेंटिमीटर आत. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे मांजराचं नेहमीचं तापमान. म्हणजे माणसाचा ताप तो मांजराचा रोजचा आकडा. १०३ च्या पुढे ताप, १०४ च्या पुढे किंवा ९९ च्या खाली गेलं तर दवाखाना. ते फार झटापट करत असेल तर हा कार्यक्रम रद्द करा. तापाच्या आकड्यापेक्षा त्याचं शांत राहणं जास्त कामाचं.

जेवण

मांजराचं शरीर उपासासाठी घडलेलं नाही. अन्न बंद झालं की अंगातली चरबी यकृताकडे धावते, आणि मांजराच्या यकृताला ती पुढे ढकलता येत नाही. दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर यकृतात चरबी साठू लागते, कावीळ होते, मळमळ वाढते आणि मांजर आणखीच खात नाही. गुबगुबीत मांजराला हा धोका जास्त. "जाडं आहे, दोन दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतं" हे वाक्य म्हणूनच उलटं आहे.

मांजर वासावर जेवतं. सर्दीने नाक चोंदलं की समोर ताजा बांगडा ठेवला तरी त्याला ती वाटी रिकामीच. म्हणून जेवण देण्याआधी नाक. अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ. कापसाचा बोळा त्यात भिजवून नाकावर दहा-पंधरा सेकंद नुसता टेकवून ठेवायचा, खपली मऊ झाली की पुसायची, ओरबाडायची नाही. डोळ्यांना चिपडं असतील तर आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने, प्रत्येक डोळ्याला नवा बोळा. मग न्हाणीचं दार लावून गरम पाण्याचा नळ किंवा शॉवर सोडायचा आणि त्या वाफेत मांजराला घेऊन दहा मिनिटं बसायचं. वाफेच्या पाण्यात विक्स, निलगिरी, कापूर, ओवा काहीही घालायचं नाही. वाफाऱ्याच्या भांड्यावर मांजराचं तोंड धरणं तर अजिबात नको, भाजतं.

मग लगेच जेवण. फ्रिजमधलं नाही. अन्न अंगाइतकं कोमट हवं, मनगटावर ठेवलं तर गरम-गार काहीच न जाणवणारं. वाटी गरम पाण्यात ठेवून अन्न कोमट करा. मायक्रोवेव्हमध्ये केलं तर नीट ढवळा, मध्येच चटका राहतो. उथळ बशीत चहाचा एक चमचाभर द्यायचं. भरलेली वाटी पाहून आजारी मांजर तोंड फिरवतं, आणि अर्धा तास पडून राहिलेलं अन्न तर त्याला नकोच असतं.

काय द्यायचं? चिकन नुसत्या पाण्यात मऊ शिजवायचं. कांदा नाही, लसूण नाही, मीठ-हळद नाही. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही. काटे काढलेला उकडलेला मासा, शिजलेलं अंडं हेही चालतं. खाद्याचे ओले पाऊच मिळतात ते उत्तम, आणि डॉक्टरांकडे आजाऱ्यांसाठीचे दाट, जास्त कॅलरीचे डबे मिळतात ते सर्वांत सोयीचे. कोकणातल्या घरांत एक युक्ती सहज हाताशी असते: बिनमिठाच्या जवळ्याची तव्यावर भाजलेली चिमूटभर पूड अन्नावर भुरभुरायची. वास खोलीभर सुटतो आणि कान टवकारले जातात. खारवलेली सुकट मात्र नको, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच खारं नको.

दूध-भात, दूध-पोळी आजारपणात बंद. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात आणि होतं ते पाणीही जातं. शाकाहारी घराची अडचण मला कळते, पण मांजराला मांसातली प्रथिनं आणि टॉरिन हा मांसातला घटक लागतोच, त्याला पर्याय नाही. घरात मांस शिजवायचं नसेल तर बंद पाऊच आणा. वास सहन होत नसेल तर गॅलरीत उघडा.

मापाचं बोलू. चार किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. घरगुती हिशेबात सव्वाशे ग्रॅम शिजलेलं चिकन. ते त्याच्याच पाण्यात मिक्सरमधून काढून, गाळणीतून दाबून घेतलं की दोनशे मिलीच्या आसपास पातळ पेज होते, म्हणजे एका मिलीला साधारण एक कॅलरी. दिवसभरात पाच-सहा वेळा, दर वेळी पस्तीस-चाळीस मिली. पण काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी एवढं भरवू नये: पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवसापासून पूर्ण. नुसतं चिकन हा पूर्ण आहारही नव्हे, काही दिवसांपुरतंच ठीक.

आपण होऊन खात नसेल तर आधी बोटावर थोडं घेऊन ओठाला लावा. चाटलं तर पुष्कळदा पुढे चालू पडतं. नाहीच तर सिरींज. बिनसुईची, पाच मिलीची. मांजराला मांडीवर किंवा टेबलावर आपल्याकडे पाठ करून बसवायचं, टॉवेल मानेभोवती गुंडाळून पुढचे पाय आत. डोकं सरळ ठेवायचं, वर करायचं नाही. मान मागे गेली की अन्न श्वासनलिकेत जातं. सिरींजचं टोक तोंडाच्या कडेने, सुळ्याच्या मागच्या फटीतून आत सरकवायचं आणि जिभेवर आडवं अर्धा मिली सोडायचं. थांबायचं. जीभ बाहेर येते, जबडा हलतो, गळ्याची हालचाल दिसते. ती दिसली की पुढचं अर्धं. पहिल्या बैठकीला दहा-पंधरा मिली गेलं तरी खूप झालं. शेवटी हनुवटी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, नाहीतर वाळलेल्या अन्नाखाली कातडी सोलवटते.

मांजर खोकलं, ठसकलं तर ताबडतोब थांबा. ज्याला नीट शुद्ध नाही, जे उलट्या करतंय, ज्याला श्वास पुरत नाही, त्याच्या तोंडात सिरींज घालायची नाही. ओठ चाटत राहणं, लाळ गळणं, अन्न दिसताच तोंड फिरवणं ही मळमळ आहे. अशा वेळी जबरदस्ती केली तर ते त्या अन्नाचा कायमचा धसका घेतं आणि बरं झाल्यावरही त्याला तोंड लावत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे मळमळीचं आणि भुकेचं औषध मागा. त्यानेही भागलं नाही तर ते मानेतून अन्ननलिकेत नळी घालायचं सुचवतील. नळीचं नाव ऐकून लोक हबकतात, पण रोज पाच वेळा सिरींजची झोंबाझोंबी करण्यापेक्षा नळी मांजराला पुष्कळ सोसते. तिच्यातून औषधंही जातात.

पाणी

अन्नातलं धरून दिवसाला किलोमागे साधारण पन्नास मिली. ओल्या अन्नात तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे ते खाणारं मांजर वाटीला कमी तोंड लावेल, त्याची काळजी नको. वाट्या दोन-तीन ठिकाणी, रुंद तोंडाच्या, मिशा काठाला न लागणाऱ्या. चिकनचं बिनमिठाचं पाणी बहुतेक मांजरं आवडीने पितात.

मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात डॉक्टर घरीच कातडीखाली सलाईन द्यायला शिकवतात. तेही मनात येईल तेव्हा आणि वाटेल तेवढं नव्हे, किती आणि किती दिवसांनी ते लिहून दिलेलं हवं. हृदयाचा त्रास असलेल्या मांजराला जादा पाणी मारक ठरू शकतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी करून घ्या, दर वेळी नवी सुई. खांद्यावर पाण्याचा फुगा येतो, कधी तो ओघळून पुढच्या पायापर्यंत उतरतो. काही तासांत जिरतो, घाबरू नका.

गोळी

अन्नात कुटून घालायची पद्धत मला पसंत नाही. बहुतेक गोळ्या कडू असतात, मांजराला एका घासात कळतं, आणि मग औषधही गेलं आणि जेवणही. गोळी वेगळी, जेवण वेगळं. टॉवेलात गुंडाळा, डोक्यावरून हात घालून अंगठा आणि मधल्या बोटाने गालाची हाडं धरा, नाक छताकडे करा, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडून गोळी जिभेच्या मागच्या टोकाला टाका. तोंड मिटून गळा हलकेच चोळा. नाक चाटलं म्हणजे गिळली. मग डोकं पुन्हा सरळ करून लगेच सिरींजने कडेने चार-पाच मिली पाणी, हळूहळू. हे पाणी चुकवायचं नाही. सर्दीला हमखास देतात त्या डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते, नळी आकसते आणि मांजराला घन अन्न गिळता येईनासं होतं. कडू औषधाने तोंडाला फेस आला तर घाबरू नका, तो चवीचा असतो.

प्रतिजैविकाचा कोर्स डॉक्टरांनी सांगितला तितके दिवस. मांजर खेळायला लागलं म्हणून मध्येच थांबवू नये.

जे द्यायचंच नाही

पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो, लहान मुलांचं तापाचं सिरप, कुठल्याही नावाने. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते; रक्त प्राणवायू वाहीनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. चुकून दिलं गेलं असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघा आणि किती, केव्हा दिलं ते स्पष्ट सांगा, त्यावर उतारा आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिनही नाही.

कुत्र्याच्या गोचिडांचे मानेवर टाकायचे थेंब नाहीत. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात. घरात पडलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब नाहीत. स्टेरॉइड असलं तर सर्दीतला डोळ्याचा व्रण चिघळतो. ब्रँडीचा थेंब, टी ट्री तेल, लसणाचा रस, डांबरगोळ्या, काही नाही. आणि कुणी बरं वाटावं म्हणून पुष्पगुच्छ आणला तर त्यात लिली आहे का पाहा. तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराचं मूत्रपिंड बसतं.

सोबत, स्वच्छता आणि आपण

आजारी मांजर अंग चाटत नाही, म्हणून ते काम आपलं. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तोंड, पंजे, शेपटीखाली पुसून लगेच कोरडं करायचं. अंघोळ नाही. मऊ ब्रश दोन-चार वेळा फिरवला की पुष्कळ. टाके असतील तर ते चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन काढायचा नाही, दया आली तरी. जेवताना काढलात तर समोर बसून राहा.

दुखतंय का हे चेहऱ्यावर वाचता येतं. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली त्यासाठी मोजपट्टीच केली: कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे आकसलेले, तोंडाचा भाग ताणलेला, मिशा ताठ, मान खांद्याच्या खाली. मांजर मांडीवर घुरघुरतंय म्हणजे मजेत आहे असं मात्र धरू नका. वेदनेतही मांजरं घुरघुरतात.

आपली काळजीही घ्या. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे, रेबीजच्या लशीचं विचारायला. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात आणि जखम वरून मिटून आत पिकते. अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर गजकर्ण आपल्यालाही होतं. घरात गरोदर बाई असेल तर ट्रे दुसऱ्याने आणि रोजच्या रोज साफ करावा. मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी संसर्ग करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस घेतात, म्हणून ताजी शी लगेच उचलली की धोका खूप कमी होतो.

उतार पडतो तेव्हा

सर्दी साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरते. पहिली खूण बहुधा जेवण नसते, अंग चाटणं असतं. पंजा ओला करून तोंडावरून फिरवला की समजावं, गाडी वळणावर आली. मग खोक्यातून बाहेर येऊन बसणं, खिडकी मागणं. लगेच मोकळं सोडू नका. दोन-तीन दिवस स्वतःहून पुरेसं खाऊ दे, वजन खाली न जाता टिकू दे, मग खोलीचं दार उघडा. सिरींजही एकदम बंद नको. आधी वाटी पुढे करायची, जेवढं कमी पडेल तेवढंच सिरींजने. नेहमीचं खाद्य चार-पाच दिवसांत थोडं थोडं मिसळत परत आणा.

म्हाताऱ्या, मूत्रपिंड थकलेल्या मांजराचं वळण वेगळं असतं. तिथे बरं होणं म्हणजे चांगले दिवस वाढवणं. वहीत खाल्लेलं, चाटलेलं, आपल्याकडे आलेलं असे दिवस वाईट दिवसांपेक्षा कमी होऊ लागले, तर तीच वही डॉक्टरांपुढे ठेवून शांतपणे बोलावं. वेदनेशिवाय निरोप देणं हाही तिथे एक उपचार आहे, आणि त्याबद्दल विचारण्यात गैर काही नाही.

पूर्ण बरं झालं की डॉक्टरांना विचारून लशींचं वेळापत्रक लावून घ्या. पिल्लांना तिहेरी लस (पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू यांवरची) सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, सोळा आठवड्यांची होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी देतात; रेबीजची वेगळी. आणि प्रवासाचा पिंजरा माळ्यावर परत टाकू नका. दार उघडं ठेवून, आत तीच गोधडी घालून हॉलच्या कोपऱ्यात राहू द्या, अधूनमधून आत खाऊ टाका. पुढच्या वेळी दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा मांजर त्यातच झोपलेलं सापडेल.